परंतुक

आपल्या कायद्याच्या पुस्तकात एक नामी शब्द आहे : परंतुक. वरच्या ओळीत हक्क द्यायचा आणि खाली ‘परंतु’ म्हणून त्यातला निम्मा काढून घ्यायचा. सरकारी कचेरीत ज्याचं काम एकदा अडलंय, त्याला तो शिकवावा लागत नाही. सध्या तो वॉशिंग्टनला जाऊन बसलाय.

१९४६ साली न्यूयॉर्कात जागतिक आरोग्य संघटनेची घटना झाली. तीत आत कसं यायचं ते लिहिलं, बाहेर कसं पडायचं ते लिहिलंच नाही. लग्नाच्या बैठकीत काडीमोडाच्या अटी कोण काढतं? अमेरिकेने काढल्या. १४ जून १९४८च्या संयुक्त ठरावात (तिकडे तो कायदाच) काँग्रेसने लिहून ठेवलं, की वर्षाची नोटीस देऊन आम्ही बाहेर पडू शकू. परंतु, संघटनेच्या चालू आर्थिक वर्षाचं आमचं देणं पूर्ण भागवलं जाईल. बाकीच्यांनी हे मान्य केलं.

डोनाल्ड ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ला, शपथ घेतली त्याच दिवशी, बाहेर पडायच्या आदेशावर सही केली. कारणांत एक हिशेबही मांडला : चीनची लोकसंख्या आमच्या कितीतरी पट, आणि देतात आमच्यापेक्षा जवळजवळ ९० टक्के कमी. ऐच्छिक देणग्या धरल्या तर चीनचा हात आखडता आहे, हे खरंच. पण नेमून दिलेली वर्गणी डोकी मोजून नाही, ऐपत बघून लागते. गणपतीच्या पावतीवर सराफाचा आकडा मोठा असतो, तो त्याच्या घरात माणसं जास्त म्हणून नव्हे.

नोटिशीचं वर्ष २२ जानेवारी २०२६ला भरलं. २०२४ आणि २०२५ची मिळून सुमारे २६ कोटी डॉलरची वर्गणी थकलेलीच होती. सरकारचं म्हणणं असं, की आधी पैसे भरा नि मगच जा, असं कायद्यात कुठे आहे? कलम वाचलं तर ‘आधी’ हा शब्द खरंच नाही. ‘पूर्ण’ हा आहे.

रुसून जाणारी अमेरिका पहिली नव्हे. १९४९मध्ये सोव्हिएत रशिया निघाला, पाठोपाठ पूर्व युरोपातले त्याचे मित्र. घटनेत जायची सोयच नाही, म्हणून संघटनेने त्यांची नावं ‘निष्क्रिय सभासद’ म्हणून दप्तरी तशीच ठेवली. काही वर्षांनी रुसवा निवला, थकबाकीचा थोडासा भाग घेऊन प्रकरण मिटलं. आणि १९५८ साली याच रशियाच्या व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी देवी जगातून हटवायचा प्रस्ताव मांडला. कुठे? अमेरिकेतल्या मिनियापोलिसला! पुढे ती मोहीम चालवली डी. ए. हेंडरसन या अमेरिकन डॉक्टरांनी, तीही शीतयुद्ध चालू असताना. घरातल्या आजीच्या दंडावर देवी टोचल्याचा वण असेल, तो एकदा बघून घ्या.

आता अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये संघटना सोडण्यासाठी आलेल्या एका विधेयकाकडे. अ‍ॅरिझोनाचे प्रतिनिधी अँडी बिग्ज यांनी ३ जानेवारी २०२५ला ते मांडलं, ट्रम्प यांच्या सहीच्या सतरा दिवस आधी. वरातीमागून घोडं आपण ऐकलंय. इथे घोडं आधी निघालं आणि वरात त्याला मागे टाकून मांडवात पोचलीसुद्धा. विधेयकाचा मजकूर जेमतेम : संघटना सोडा, पैसा देऊ नका, आणि १९४८चा कायदा रद्द करा.

गंमत या शेवटच्या मागणीत आहे. बाहेर जायचा हक्क त्या कायद्यातच लिहिलाय. म्हणजे ज्या शिडीने उतरायचं, तिचंच सरपण करायचं. अर्थात सरपणात परंतुकही जळतं, हा भाग वेगळा.

पण खरा डाव पुढचा असावा. २०२० सालीही ट्रम्प यांनी अशीच नोटीस दिली होती. जो बायडेन यांनी २० जानेवारी २०२१ला एका पत्राने ती मागे घेतली. १९४८चा कायदा जागेवर होता, म्हणून पत्रावर भागलं. कायदाच गेला तर पुढच्या अध्यक्षाला परतायला नुसतं पत्र पुरणार नाही, पुन्हा काँग्रेसच्या पायऱ्या चढाव्या लागतील. तेव्हा हे विधेयक घर सोडायचं नाही, दाराला बाहेरून कुलूप घालायचं आहे.

आता यातही एक परंतु. आदेशावर सही करून पाच दिवस होतात न होतात तोच लास व्हेगासच्या सभेत ट्रम्पच म्हणाले, की संघटनेत परतायचा विचार आपण करूही. बिग्जसाहेबांना कुणीतरी विचारायला हवं, कुलूप नक्की कुणासाठी आणलंय?