काकू, ट्रायल मिळणार नाही

उन्हाळ्याच्या सुट्टीत तलावावर लेडीज बॅच सुरू होते आणि बायका कॉस्च्युमच्या दुकानात शिरतात. काउंटरवर बहुधा त्यांच्या मुलाच्या वयाचा पोरगा असतो. तो मोबाइलवरून मान उचलतो, एकवार नजर टाकतो आणि निकाल देतो, "काकू, तुम्हाला डबल एक्सेल." टेप लागत नाही. ट्रायल मिळत नाही, कारण अंगालगतचं कापड. बदलूनही मिळत नाही, कारण तेच. लग्नाच्या शालूसाठी अख्खी गादी शालूंनी भरवून, काही न घेता उठणारी बाई इथे पाच मिनिटांत पैसे देऊन मोकळी होते.

या पाच मिनिटांत ती एकच प्रश्न विचारते : "यात थोडं झाकलेलं नाही का?" पोरगा सरावाने फ्रॉकवाला काढतो. त्याला कमरेपासून झालर असते आणि ती मांड्या झाकते, अर्थात कोरड्यात. पाण्यात उतरताक्षणी ती छत्रीसारखी उलटी उघडते आणि बाईचा एक हात पोहण्यात, तर दुसरा झालर खाली दाबण्यात गुंततो. पण फ्रॉक पाण्यासाठी घेतलेलाच नसतो. पाण्यात गळ्याखालचं कोण बघतंय? तो असतो कपडे बदलायच्या खोलीपासून तलावाच्या काठापर्यंतच्या वीस पावलांसाठी. बहुतेक कॉस्च्युम या वीस पावलांचा विचार करूनच विकत घेतले जातात आणि म्हणूनच ते पोहताना त्रास देतात.

मराठी बाईला हा पोशाख नवा आहे म्हणावं, तर तसंही नाही. मास्टर विनायकांच्या 'ब्रह्मचारी'त मीनाक्षी शिरोडकर स्विमसूटमध्ये पडद्यावर आल्या त्या १९३८ साली. पटकथा आचार्य अत्र्यांची होती. तेव्हा भरपूर गदारोळ झाला आणि भरपूर तिकिटंही खपली. पॅरिसमध्ये लुई रेआर यांनी बिकिनी आणली ती १९४६ च्या जुलैत, म्हणजे त्यानंतर आठ वर्षांनी. इतकी आघाडी घेतलेल्या समाजाने पुढे झालरीवर येऊन थांबावं, याचं नवल वाटतं.

खरी गोम मापात आहे. ब्लाउजला छाती आणि पंजाबी सूटला उंची सांगितली की भागतं. अखंड कॉस्च्युमला मात्र धडाची लांबी लागते आणि ती कुणीच मोजत नाही. टेप खांद्यावर धरायची, पुढून खाली दोन पायांमधून न्यायची आणि पाठीवरून परत त्याच खांद्यावर आणायची. सारख्या उंचीच्या, सारख्या छातीच्या दोन जावांमध्येही या मापात चांगला फरक निघू शकतो. पट्टे खांद्यात रुतत असतील आणि खालची कड वर चढत असेल, तर पोट सुटलेलं नसतं, कापड आखूड असतं. अशा बाईने लांब धडाचा कॉस्च्युम शोधावा, नाहीतर सरळ दोन तुकड्यांची टँकिनी घ्यावी. पाठीवर चुण्या पडल्या, तर उलट समजावं. शिवाय ओलं कापड आणखी सैलावतं, त्यामुळे कोरडा कॉस्च्युम किंचित घट्टच हवा. "एक साइझ मोठाच घ्या, पोरं मोठी होतात," हा आपला जुना हिशेब चाळिशीनंतर कुणासाठी लावायचा?

शोभण्याचं म्हणाल, तर दोन्ही कुशींना गडद पट्टे असले की मधला भाग अरुंद दिसतो. ही नजरेची फसवणूक आहे आणि ती चालते. दुकानातला माल मात्र नेमका पोटावर टपोरं जास्वंद घेऊन येतो.

अंगाला खरोखर वेगळा आकार देणारा कॉस्च्युम एकदा निघालाही होता. स्पीडोचा एलझेडआर रेसर. तो शरीर इतकं आवळून धरायचा, की चढवायलाच वीसेक मिनिटं जायची. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधले जलतरणाचे बहुतेक विश्वविक्रम तो घालून झाले आणि २०१० पासून जागतिक संघटनेने असल्या पोशाखांवर बंदी घातली. बायकांनी यावर एक मोर्चा काढायला हवा होता.

तर, घेतलेला कॉस्च्युम तीनेक महिन्यांत सैल पडतो. बाई खूश होते आणि वजन उतरल्याची बातमी बहिणीला कळवते. वास्तविक, कापडातला लायक्राचा ताणणारा धागा तलावातल्या क्लोरिनने खाल्लेला असतो. ज्यांना रोज पोहायचं आहे त्यांनी पीबीटी किंवा पॉलिएस्टरचा घ्यावा, तो क्लोरिनला बराच काळ दाद देत नाही. घरी आल्यावर साध्या पाण्यातून काढावा, पिळू नये, वॉशिंग मशीनमध्ये टाकू नये आणि कडक उन्हात न घालता सावलीत वाळवावा, असं लेबलवर लिहिलेलं असतं. हे शेवटचं कलम पाळायला आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्यांना दिसू नये म्हणून तो पहिल्या दिवसापासून बाथरूमच्या दारामागेच वाळत असतो.