बोटभर ढील

कोल्हापुरात पेठेगणिक एक तालीम, गल्लीगणिक एक तरुण मंडळ आणि मंडळागणिक एक तात्या असतो. कुठं त्याला बापू म्हणतात, कुठं अण्णा. खूण मात्र एकच. रस्त्याकडेला जुनी मोटारसायकल उभी दिसली की तात्यांची पावलं आपोआप मंदावतात. मालक समोरच्या टपरीवर चहाला गेलेला असतो. तात्या वाकतात, खालच्या बाजूची चेन बोटानं वर ढकलतात, खाली ओढतात आणि उठता उठता तोंडानं एक ‘च्च’ काढतात. हा ‘च्च’ टपरीपर्यंत बरोबर ऐकू जातो.

मालक धावत येतो. “काय झालं तात्या?”

“काय न्हाई. मिरजेत सतारीला लावायची तार तू गाडीला लावलीयास, एवढंच.”

तात्या बहुधा कळंब्याच्या आयटीआयचे फिटर. पुढं सगळी उमेदवारी आणि नोकरी शिवाजी उद्यमनगरात. ज्या गावात एकेकाळी ऑइल इंजिनं घडली आणि आजही फाउंड्र्यांमधून देशभरातल्या वाहन कंपन्यांसाठी कास्टिंग निघतात, तिथं निवृत्त झालेला फिटर घरी बसून हरिपाठ वाचेल ही अपेक्षाच चूक. त्यांच्या खिशात चष्म्याच्या घराशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी असते, आणि सणासुदीला व्हर्नियर.

बाकी सगळ्या बाबतींत माणूस कडक. चहा कडक, इस्त्री कडक, नातवाला दिलेला दमही कडक. चेनच्या बाबतीत मात्र तात्या ढिलाईचे कट्टर कैवारी आहेत. पोरांना नेमकं हेच कळत नाही. चेन खडखडली की ती आवळायची, आवाज बंद होईतोवर आवळायची, आणि मग गाडीला पिकअप का नाही म्हणून प्लग बदलायचा, ही त्यांची पद्धत. जुन्या गाड्यांच्या पुस्तिकेत साधारण 20 ते 30 मिलिमीटर ढील सांगितलेली असते. पोरांचं म्हणणं असं, की ती कंपनीच्या सोयीसाठी.

यावर तात्यांचं प्रात्यक्षिक ठरलेलं आहे. गंगावेश तालमीतून मेहनत करून निघालेला एखादा पैलवान ते रस्त्यातच गाठतात. “बसा पैलवान मागं.” पैलवान बसतो. मागचे शॉकअप दबतात, आणि मघाशी हलणारी चेन सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ताठ होते. कारण साधं आहे. मागचं चाक ज्या दांडीवर वरखाली होतं तिची खीळ एका जागी, पुढचं छोटं स्पॉकेट दुसऱ्या जागी. चाक वर उचललं गेलं की स्पॉकेट आणि अ‍ॅक्सल यांतलं अंतर वाढतं, आणि तिघं एका रेषेत आले की ते सगळ्यात जास्त. आधीच आवळलेली चेन त्या वेळी आणखी कुठून लांबणार? मग सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि त्याच्या बेअरिंगवर जातो. “आता खड्ड्यात घाल गाडी,” तात्या म्हणतात, आणि कोल्हापुरात खड्डा शोधायला लांब जावं लागत नाही. पैलवानाला बिदागी म्हणून दूध मिळतं. दुधाचे पैसे अर्थात गाडीमालकाचे.

चेन सैल असली तरी तात्यांचं समाधान होत नाहीच. पावसाळ्यात गगनबावड्याकडून आलेल्या गाडीची चेन धुऊन कोरडी झालेली असते, पिनांत माती गेलेली असते. अशी चेन लोंबते, दातांवरून उडी मारते आणि करूळच्या घाटात उतरून पडली, चाकात अडकली, की मागचं चाक जागीच जाम. अशा चेनला ते आधी रॉकेलनं धुतात, नव्वदचं ऑइल पाजतात, मग पट्टी काढतात. साध्या शंभर सीसीच्या गाडीच्या चेनची एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे 12.7 मिलिमीटर. वीस कड्या 254 भरायला हव्यात. 259 भरल्या तर तात्या चेन खाली ठेवतात आणि टोपी काढतात.

स्वतःच्या बुलेटला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. रविवारी सकाळी ती डबल स्टँडवर चढते. आधी गाडी न्यूट्रलला टाकून चाक सावकाश फिरवायचं, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. जिथं ती सगळ्यात ताठ येते तिथंच ढील मोजायची. मग अ‍ॅक्सलचा नट सैल. बुलेटला चेन ओढायला दोन्ही बाजूंना शंखासारख्या वळणाच्या, खाचा पाडलेल्या चकत्या असतात. डावीकडं जितक्या खाचा, उजवीकडं तितक्याच. पण इतक्या वर्षांत गाडी किती वेळा पडली आणि कुणी कुणी ठोकून सरळ केली याचा हिशेब तात्यांकडं असल्यामुळं ते खाचांवर विश्वास ठेवत नाहीत. जुन्या बुलेटचे दोन्ही टायर एकाच मापाचे, 3.25-19. त्यामुळं पुढून मागं गवंड्याची दोरी ताणली की चाक तिरकं आहे का ते लगेच दिसतं. दोरीचं दुसरं टोक काकूंनी धरायचं असतं. गॅसवर दूध असलं तरी.

नट आवळला की ढील परत मोजायची, कारण आवळताना चाक सरकतं. आणि चाक मागं गेलं की ब्रेकचा रॉड ओढला जातो, तोही सैल करायचा. पोरं इथंच फसतात: चेन मस्त बसवतात आणि ब्रेक धरलेली गाडी पार जोतिबाच्या डोंगरावर तापवत नेतात.

तात्यांचा एकच प्रतिस्पर्धी, कट्ट्यावरचे येझदीवाले मामा. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार झालेली ती गाडी. कारखाना 1996 ला बंद पडला, मामांचा अभिमान चालू आहे. येझदीची चेन पत्र्याच्या पेटीत आणि रबरी नळकांड्यांत पूर्ण झाकलेली. “आमच्या चेनला धूळच लागत न्हाई,” मामा म्हणतात. “तुमची चेन हाय का गेली तेच तुमाला दिसत न्हाई,” तात्या म्हणतात. त्यावर मामा बुलेटचं दुखणं काढतात: मागचं स्पॉकेट आणि ब्रेकचा ड्रम एकाच तुकड्यात, म्हणजे दात झिजले की अख्खा ड्रम बदला. तात्यांना यावर उत्तर नाही, म्हणून ते चहा मागवतात.

तात्यांच्या भाचीला बघायला मेकॅनिकल इंजिनिअर मुलगा आला होता. पगार, पॅकेज, पुण्यातला फ्लॅट असं सगळं सांगून झाल्यावर तात्यांनी एकच प्रश्न केला: “चेन लॉकचं बंद तोंड कुठल्या दिशेला?” मुलगा म्हणाला, कुठल्याही चालेल. बंद तोंड चेन पळते त्या दिशेला लागतं, नाहीतर क्लिप कशाला तरी अडकून निघू शकते. लग्न झालं, पण तात्यांनी आहेर पाकिटातच दिला, हातात हात दिला नाही.

गेल्या पाडव्याला शेजाऱ्यानं विजेवर चालणारी स्कूटर आणली. पेढा तोंडात टाकून तात्या वाकले. हात खाली घातला, डावीकडून, मग उजवीकडून. मोटर मागच्या चाकातच होती. चेन नाही, पट्टा नाही, आवळायला काही नाही. तात्यांनी मामांना हाक मारली. मामांनीही वाकून पाहिलं. “ह्याला गाडी म्हणायचं?” मामा म्हणाले. “न्हाई म्हणायचं,” तात्या म्हणाले. बुलेट आणि येझदी यांचं पहिल्यांदाच एकमत झालं. दोघं तसेच हात पुसत कट्ट्याकडं निघाले, आणि कट्टा यायच्या आत रोलॉनची चेन चांगली का डायमंडची यावरून त्यांचं असं वाजलं, की पानपट्टीवाल्यानं दोघांना दोन बाजूंना बसवलं.