स्वहस्ते टेबल

वेल्ह्यातल्या काही फार्महाऊसवाल्यांनी दिवाणखान्यातलं टेबल स्वहस्ते घडवण्याचा वसा घेतला आहे, त्याबद्दल त्यांचं जाहीर अभिनंदन. शैली अर्थातच ‘क्राफ्ट्समन’. गुस्ताव स्टिकली यांनी 1901 साली अमेरिकेत याच नावाचं मासिक काढलं आणि साधेपणाचा पुरस्कार केला. ते ओक वापरत, कारण तो तिथे उगवायचा. त्याच तत्त्वाला जागून आपणही तिथलाच ओक बोटीने मागवतो. इथला साग फारच सागासारखा दिसतो.

खिळा वर्ज्य. खाचेत कूस चपखल बसलीच पाहिजे. न बसल्यास फटीत फेव्हिकॉल आणि भुसा भरून तिला ‘हाताचा स्पर्श’ म्हणावं. भोरच्या राजवाड्यातले लाकडी खांबही हातानेच घडले, पण त्या सुतारांनी मजुरी घेतली. सबब ती कला नव्हे.

पोटासाठी रंधा मारणारे या चळवळीला बाधकच. निवडणुकीत बंदुका जमा करतात तशी त्यांची हत्यारं दर शनिवारी ठाण्यात जमा करावीत. अपवाद एकाच सुताराचा. टेबल डुगडुगलं की त्याने मागच्या दाराने यावं, पाय तासून द्यावेत आणि फोटोच्या आत निघावं. मजुरी मागू नये. छंदाचं का कुठे मोल करतात?