त्रुटी काढून परत

सरकारी कचेरीत आयुष्यभर आवक-जावक सांभाळलेल्या माणसाला एक गोड गैरसमज जन्माचा चिकटतो, तो म्हणजे आपल्याला कागद कळतो. कागदात काय लिहिलंय ते कळलं नाही तरी बिघडत नाही; खाली सही आहे का, तारीख बरोबर आहे का, जोडपत्रं लावली आहेत का, एवढं पाहून तो पुढे पाठवायचा की त्रुटी काढून परत करायचा, हे मी इतकी वर्षं केलं, की घरी आलेल्या लग्नपत्रिकेचीही आधी छाननी करतो आणि मग मुहूर्त पाहतो. त्यामुळे नागपूरला भूलशास्त्रात एम.डी. करणारी भाची मे महिन्याच्या सुट्टीत यवतमाळला आली आणि म्हणाली, "मामा, ढीगभर शोधनिबंधांतून कामाचे तेवढे निवडायचेत, माझी मैत्रीण ऐनवेळी आजारी पडली. सरावापुरती पहिली तुकडी तुम्ही पाहता का? नुसती शीर्षकं आणि सारांश," तेव्हा मी कूलरसमोरची खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि म्हणालो, "आण."

विषय काय, हे विचारायचं राहूनच गेलं.

विषय होता मेंदूचा. ऑपरेशन चालू असताना मेंदूला ऑक्सिजन पुरतोय की नाही हे दाखवणारं एक यंत्र असतं. कोविडात आपण बोटाला जो चिमटा लावून बसायचो, त्याच्याच कुळातलं. कपाळावर दोन बाजूंना दोन पट्ट्या चिकटवायच्या, त्यांतून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश कवटीतून आत जातो आणि परत येतो, आणि किती परत आला त्यावरून यंत्र आतल्या रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज बांधतं. कवटीतून उजेड आरपार जातो हे मलाही पटलं नव्हतं, पण अमेरिकेतल्या फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ साली हे मांडलं. चिमट्याला नाडी लागते, ह्याला लागत नाही; म्हणजे हृदयाच्या ऑपरेशनमध्ये हार्ट-लंग मशीनवर नाडी गायब असते तेव्हाही हे चालतं. मेंदू वजनानं शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण ऑक्सिजन खातो वीस टक्के. आकडा सुरुवातीपेक्षा वीस टक्क्यांनी घसरला, की भूलतज्ज्ञ मान सरळ आहे का बघतात, रक्तदाब वाढवतात, गरज पडली तर रक्त चढवतात.

हे सगळं भाचीनं समजावून सांगितल्यावर आमच्या सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "ह्यांना लावून पाहा एकदा. खातो का काही, ते तरी कळंल."

तर प्रश्न असा, की ह्या यंत्रामुळे रुग्णाचं खरंच भलं होतं का? एक निबंध हो म्हणतो, दुसरा नाही म्हणतो, म्हणून सगळे गोळा करून, चाळून, एकत्र मोजायचे. असेच निबंध एकत्र मोजणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे, त्या कॉक्रेनवाल्यांनी २०१८ साली हे केलं, तेव्हा हाती लागल्या १५ चाचण्या आणि १,८२२ माणसं, आणि निष्कर्ष निघाला, की खात्रीनं काही सांगता येत नाही. मला तो फार ओळखीचा वाटला. मीसुद्धा अर्जदारांना वर्षानुवर्षं हेच सांगत आलो.

भाची म्हणाली, निवडण्याआधी शोधायचं कसं तेही बघा. पबमेड ह्या निबंधांच्या भांडारात दोन शब्दांमध्ये 'आणि' टाकलं की ढीग आटतो, 'किंवा' टाकलं की फुगतो. मी स्वभावानं सढळ. अवरक्त किंवा मेंदू किंवा ऑक्सिजन किंवा ऑपरेशन, असे मोकळ्या हातानं 'किंवा' पेरले आणि आकडा लाखांच्या पुढे गेला. त्यातच कापूस निघाला. अवरक्त प्रकाशानं कापसाच्या धाग्याची प्रत तपासतात, सोयाबीनमधली प्रथिनं मोजतात, मातीसुद्धा पाहतात. यवतमाळच्या माणसानं कापूस ओलांडून पुढे जायचं तरी कसं? मी तिथेच बसलो, दारव्ह्याच्या साडूला फोन लावला, धाग्याच्या लांबीवर चर्चा झाली, तिथून भाव, भावावरून सरकार. भाची चहा घेऊन आली तेव्हा मेंदू अजून सापडायचा होता.

मग तिनंच शोध नीट लावून दिला आणि मला फक्त निवड दिली. नियम कडक. दोघांनी एकमेकांचं न बघता निवडायचं, मतभेद झाला तर तिसऱ्यानं निकाल द्यायचा. एकच निबंध वेगवेगळ्या भांडारांतून पुन्हा पुन्हा आला तर एकच ठेवायचा. मला वाटलं, तीन ठिकाणांहून शिफारस आहे, म्हणजे वजनदार माणूस दिसतो. तिन्ही ठेवले. एका निबंधावर अकरा लेखकांची नावं. एवढ्या सह्या म्हणजे सामूहिक निवेदन, ते आमच्याकडे कधीच चालायचं नाही. परत. डुकराच्या पिलांवरचा एक होता, सारांश सुटसुटीत, तारीखवार. घेतला. आणि एक होता कॅनडातला, २००७ चा, २०० बायपास रुग्णांचा, चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडून केलेला. मी विचार केला, बायपास म्हणजे हृदय, आपला विषय मेंदू; शेरा मारला, 'संबंधित विभागाकडे वर्ग.'

तोच सगळ्यात कामाचा होता.

दोघांचं कितपत जुळलं हे मोजायलाही एक आकडा असतो, त्याचं नाव कप्पा. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये काढला. पूर्ण जुळलं तर एक. नशिबानं जुळावं तितकंच जुळलं तर शून्य. भाचीनं आकडेमोड केली, पुन्हा केली, मग लॅपटॉप जरा माझ्यापासून वळवून घेतला. मी म्हटलं, "शून्य आला का गं?" ती म्हणाली, "नाही मामा. शून्याच्या खाली."

म्हणजे मी नाणं उडवलं असतं तर विज्ञानाचं जास्त भलं झालं असतं.

पोरीला वाईट वाटू नये म्हणून मामी पदराला हात पुसत आल्या. त्यांनी एकच विचारलं, "माणसं पाहिजेत, ऑपरेशन पाहिजे, डोक्याचं यंत्र पाहिजे, अन् चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले पाहिजेत. बस ना?" आणि तूर निवडताना खडे काढतात त्या वेगानं पुढची तुकडी निवडून, कुकरची शिट्टी झाली म्हणून उठूनही गेल्या. त्यांचा कप्पा काय आला हे मी विचारलं नाही. भाचीचा चेहरा पुरेसा होता.

पण एका निबंधावर मी अडून बसलो. २०१८ चा, युरोपातल्या भूलशास्त्राच्या नियतकालिकातला, नावातच भाज्या आणि माणसं. ह्याच यंत्राच्या पट्ट्या चक्क भाज्यांना लावून पाहिल्या होत्या, आणि यंत्रानं तिथेही आकडे दाखवले होते. रक्ताचा थेंब नाही, तरी आकडा! संबंध ढिगाऱ्यात मला पहिल्यापासून शेवटपर्यंत कळलेला हा एकमेव निबंध, शिवाय कपाळाला पट्टी लावायची वेळ माझ्यावर आलीच तर निकाल काहीही येवो, बचावाला पुरावा हाताशी. मी म्हटलं, "हा राहणार. छाननी मी केली आहे."

"मामा, आपल्याला ऑपरेशनचे पेशंट हवेत," भाची काकुळतीला आली. "भाजीचं ऑपरेशन कुठं होतं?"

"इथं चालू आहे," आतून विळीवरून आवाज आला. "दोन वांगी झाली, तिसरं घेतलं. मॉनिटर लावायचा असंल तर लवकर या म्हणा त्यांना."