वेताळाची सासू

'तुझा आवडता सुपरहिरो कोण?' असं आमच्या वयाच्या माणसाला कुणी विचारलं, तर त्याने आधी 'कोणत्या सालातला?' असं विचारून घ्यावं. दहाव्या वर्षी आणि पन्नासाव्या वर्षी ज्याचा आवडता एकच आहे, अशा माणसाला मी पैसे उसने देणार नाही. त्याचं मधल्या काळात काहीतरी राहून गेलंय.

माझा पहिला नंबर अर्थातच वेताळाचा. टाइम्सवाल्यांनी १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स काढलं. ते मराठीतही यायचं आणि आमच्या गावात ते विकत घेणारं एक घर होतं. बाकीचे सगळे त्या घराशी भांडण होऊ देत नसू. ली फॉक नावाच्या अमेरिकन लेखकाने १९३६ मध्ये जन्माला घातलेला फँटम आमच्यापर्यंत पोचेतो वेताळ झाला होता. त्याच्या मुलखाचं नाव मुळात बंगाला, ते इंद्रजालमध्ये डेंकाली झालं. हे डेंकाली आमच्या डोंगराच्या पलीकडे कुठेतरी असावं असा माझा समज होता, कारण डोंगरापलीकडे जायची आम्हाला परवानगी नव्हती.

वेताळाच्या उजव्या हातात कवटीची अंगठी. गुंडाच्या जबड्यावर ठोसा बसला की कवटी उमटली, ती जन्मात जायची नाही. मी अर्धा बटाटा घेतला, दादाच्या दाढीच्या जुन्या ब्लेडने त्यात दोन डोळे, नाकाचं भोक आणि दात कोरले, दौतीतल्या निळ्या शाईत बुडवला आणि आतेभावाच्या हनुवटीवर दाबला. कवटी काही उमटली नाही. बटाट्याला पाणी सुटलं आणि शाई गळ्यापर्यंत ओघळली. आत्याने त्याला पाहून आधी देवाचं नाव घेतलं आणि मग माझं. त्या संध्याकाळी घरात स्पष्ट उमटलेली खूण एकच होती, ती आईच्या पाच बोटांची, माझ्या पाठीवर.

आजीलासुद्धा वेताळ पसंत होता. तो शहरात यायचा तेव्हा घट्ट कपड्यांवर ओव्हरकोट, हॅट आणि काळा चष्मा चढवायचा, वॉकर असं नाव सांगायचा, आणि दारूच्या गुत्त्यात शिरून चक्क दूध मागायचा. मी हे वाचून दाखवल्यावर आजी म्हणाली, "पोर चांगल्या घरचं दिसतंय."

हे ज्या एका बाईला पटत नव्हतं, ती म्हणजे डायनाची आई, लिली पामर. डायना वेताळाची प्रेयसी. दिसायला देखणी, पाण्यात सूर मारण्यात ऑलिंपिकपर्यंत पोचलेली, पुढे युनोत नोकरीला. तिच्या आईचं एकच पालुपद: हा मुखवटेवाला आपल्या मुलीला नको. डायनाचा अंकल डेव्ह बिचारा वेताळाच्या बाजूने, पण या बाईपुढे त्याचं काय चालणार? ती आपली उघड्या चेहऱ्याचे श्रीमंत मुलगे शोधत बसायची. मला वेताळाशी लढणाऱ्या चाच्यांचा राग येत नसे, ते शेवटच्या पानावर मार खायचेच. या बाईला कुणीच मारत नव्हतं.

मग नोकरीसाठी मुंबई आणि डोंबिवलीत कॉट बेसिसवर मुक्काम. फाउंटनच्या फुटपाथवर जुनी अमेरिकन कॉमिक्स मिळायची. तिथे मला स्पायडरमॅन भेटला आणि वेताळ एका दुपारीत जुना झाला. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ मध्ये काढलेला हा पीटर पार्कर म्हणजे आमच्या खोलीतला चौथा भाडेकरूच. भाडं थकलेलं, पोशाख स्वतःच शिवलेला, आणि जाळ्याचा द्राव नेमका इमारतीवरून लोंबकळताना संपायचा. पोटासाठी तो स्पायडरमॅनचे, म्हणजे स्वतःचेच, फोटो काढून एका वर्तमानपत्राला विकायचा. संपादक जेमसन त्याच्या हातावर चार डॉलर टेकवून तेच फोटो छापायचा आणि वर मथळा द्यायचा की हा माणूस समाजाला धोका आहे. मी तेव्हा एका साप्ताहिकाला लेख देत असे. मानधन मागायला गेलं की तिथले संपादक मराठी साहित्याच्या ऱ्हासाविषयी बोलू लागत, आणि त्या ऱ्हासाचा पुरावा म्हणून माझाच लेख काढून दाखवत. भिंतीवर चढता येणं ही गोष्ट मला किरकोळ वाटायची. एवढा अपमान गिळून दुसऱ्या दिवशी तो पुन्हा फोटो घेऊन जातो, ही खरी शक्ती.

तिशीत बॅटमॅन आला. त्याच्याविषयी फार सांगण्यासारखं नाही. साहेबावर राग आला की प्रत्येकाला काही दिवस बॅटमॅन आवडतो. सुपरमॅन मात्र कधीच जमला नाही, कारण ज्याला काहीच होत नाही त्याची काळजी काय करायची? त्याच्या लाल चड्डीवरून आम्ही पोटभर हसलो होतो. २०११ मध्ये कंपनीने ती चड्डी काढून टाकली, तर आम्हीच हळहळलो. २०१८ मध्ये 'ॲक्शन कॉमिक्स'च्या हजाराव्या अंकात ती परत आली, तेव्हा माझ्या एका टक्कल पडलेल्या मित्राने पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

आणि आता लेकीसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली आहे. लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळांवर रोज रात्री मी पोरांच्या माहितीचे फॉर्म वाचतो. परवा असाच वाचता वाचता मनात आलं, वेताळाचा फॉर्म आला असता तर?

व्यवसाय वडिलोपार्जित, १५३६ पासून. चालू पिढी एकविसावी. आधीच्या विसांची थडगी घरातच, त्यामुळे नव्या सुनेचा पहिला नमस्कार तिथे. घर स्वतःचं, पण गुहा. दिवाणखान्यात कवट्यांचं सिंहासन. शेजार विषारी बाणवाल्यांचा. वाहन हिरो, म्हणजे मोटारसायकल नव्हे, घोडा. घरात मोकळा फिरणारा प्राणी आहे, लोक त्याला कुत्रा समजतात, तो लांडगा आहे. उत्पन्न विचाराल तर खजिन्याच्या दोन खोल्या भरलेल्या, त्यात सिकंदराचा हिऱ्याचा पेलादेखील, पण आयकर विवरणपत्र मागितलं तर काय दाखवणार? बरं, फोटो पाठवा म्हणावं, तर त्याचा चेहरा जो पाहील त्याला भयंकर मरण येतं, असं जंगलात सगळेच सांगतात. म्हणजे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला आम्ही डोळे मिटून बसायचं!

मी लॅपटॉप बंद केला. लिली पामर माझ्यासमोर एकदम स्वच्छ उभी राहिली. शिकलेली, कमावती मुलगी पदरात. तिला भेटायला येणारा माणूस घरातसुद्धा चष्मा काढत नाही, काय करतोस विचारलं तर नीट सांगत नाही, आणि एखाद्या रात्री ढोल वाजले म्हणून निघून जातो. हे एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही. १९३६ साली ओळख आणि लग्न १९७७ मध्ये! एकेचाळीस वर्षं त्या माउलीने नातेवाइकांना काय उत्तरं दिली असतील? त्या बाईकडे ना घोडा, ना पिस्तुलं, आणि तरीही ती मागे हटली नाही. सध्या माझी आवडती हीच.

त्या लग्नाला जादूगार मँड्रेकही आला होता. तो कुठल्या तोंडाने आला कोण जाणे. त्याचं आणि त्याच्या प्रेयसीचं, नार्डाचं, १९३४ पासून सुरू, आणि लग्न थेट १९९७ मध्ये. ज्याला नुसता हात हलवून भर रस्त्यात हत्ती उभा करता येतो, त्याला त्रेसष्ट वर्षांत एक मुहूर्त उभा करता येऊ नये?

बायकोला हे सगळं सांगितलं, कारण तिने आयुष्यात एकही कॉमिक्स वाचलेलं नाही आणि स्थळांच्या बाबतीत तिचं मत पक्कं असतं. बॅटमॅनची हकीकत तिने शांतपणे ऐकली. २०१८ मध्ये त्याचं कॅटवुमनशी लग्न ठरलं, गच्चीवर, चार टाळकी बोलावून, आणि नवरी आलीच नाही. "गच्चीवरच होतं ना," ती म्हणाली, "हॉलचे पैसे तरी वाचले."

मग मी स्पायडरमॅनवर आलो. कॉट बेसिसवरचा माझा जुना जोडीदार. १९८७ मध्ये मेरी जेनशी त्याचं लग्न झालं तेव्हा मला घरचं कार्य पार पडल्यासारखं वाटलं होतं. वीस वर्षांनी कंपनीच्या संपादकांना वाटायला लागलं की संसारी स्पायडरमॅन म्हातारा दिसतो. घटस्फोट दिला तर आणखीच वयस्कर दिसेल. म्हणून २००७ मध्ये त्यांनी कथा रचली: पीटरला वाढवणाऱ्या मेकाकूला गोळी लागते, ती मरणाच्या दारात, आणि सैतान येऊन म्हणतो की हिला वाचवतो, बदल्यात तुमचं लग्न द्या. दोघं कबूल होतात. सकाळी उठतात तर लग्न झालेलंच नाही, कुणाला त्याची आठवणसुद्धा नाही.

बायको मटार सोलत होती. तिने शेंग तशीच हातात धरली.

"काकूसाठी मोडलं लग्न?"

"हो. सैतानाने मोडलं."

"त्यासाठी सैतान कशाला लागतो?" ती म्हणाली. "तुमच्या प्रभाकाकूंनी एकटीने तीन मोडलीत."