दोन ग्राफिक्स कार्डांची तुलना : नवशिक्यांसाठी प्रयोगवही

उद्देश : वाशिम जिल्ह्यात बसून, दोहोंपैकी एकही कार्ड हातात न घेता, आरटीएक्स ४०९० आणि आरटीएक्स ५०९० यांची तुलना करणे आणि निघालेल्या निष्कर्षावर शेवटपर्यंत ठाम राहणे. आपला जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. म्हणजे आकांक्षेला सरकारी मान्यता आधीच मिळालेली आहे. वेगळा अर्ज करावा लागत नाही.

साहित्य : मोबाइल, दिवसाचा दीड जीबी डेटा, वहीचे पान, पट्टी आणि विरुद्ध मताचा एक मित्र. मित्र रिसोडचा, मानोऱ्याचा, कारंज्याचा, कुठलाही चालेल. कार्ड घेण्याची ऐपत मात्र त्याचीही नसावी. नाहीतर प्रयोग अर्ध्यावर आटोपतो.

कृती :

१. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ४०९०, जन्म ऑक्टोबर २०२२. उजवीकडे ५०९०, जन्म जानेवारी २०२५. दोन्ही एनव्हिडियाचीच अपत्ये असल्याने हे भांडण भाऊबंदकीचे आहे, हे ध्यानात ठेवा.

२. आता कोर लिहा : डावीकडे १६,३८४, उजवीकडे २१,७६०. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवायला जी आकडेमोड लागते, ती हे कोर एकाच वेळी वाटून घेतात. संख्या तेहतीस टक्क्यांनी वाढली, म्हणून नवशिका लगेच ‘तेहतीस टक्के वेगवान’ असे लिहून मोकळा होतो. थांबा. सोंगणीला मजूर वाढवले तरी पोती भरणारा एकटाच असेल, तर शेत त्या हिशेबाने लवकर मोकळे होत नाही.

३. पोती भरणाऱ्याचे नाव मेमरी बँडविड्थ. ४०९० मध्ये २४ जीबी मेमरी, सेकंदाला १,००८ जीबीची ने-आण. ५०९० मध्ये ३२ जीबी, सेकंदाला १,७९२ जीबी. ही वाढ अठ्ठ्याहत्तर टक्क्यांची, म्हणजे नव्या कार्डाचा खरा जोर इथे आहे. मित्र ४०९० च्या बाजूचा असेल तर तो आता क्लॉकचा वेग काढील : जुन्याचा २.५२ गिगाहर्ट्झ, नव्याचा २.४१. आकडा खरा आहे. त्याला टाळी द्या. पुढे उपयोगी पडेल.

४. वॅट लिहा : ४५० आणि ५७५. पूर्ण ताकदीने चालताना ४०९० सव्वादोन तासांत एक युनिट खाते, ५०९० पावणेदोन तासांत. हा हिशेब एकट्या कार्डाचा. प्रोसेसर, मॉनिटर, पंखे वेगळे. म्हणून कंपनीच ८५० आणि १,००० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते. घरात एका बॅटरीचा ९०० व्हीएचा इन्व्हर्टर असेल, तर तो सातशे वॅटच्या आसपास दमतो. लाइट गेल्यावर खेळ आधी बंद पडेल की इन्व्हर्टर, याचे निरीक्षण घरचे लोक करतील.

५. फ्रेम मोजा. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासच्या मंचावर एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचे ५०७० हे कार्ड ४०९० ची कामगिरी देईल असे जाहीर केले. त्यात मेख ही, की नव्या मालिकेत कार्ड एक फ्रेम स्वतः काढते आणि आणखी तीनपर्यंत फ्रेम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अंदाजाने भरते. चित्र गुळगुळीत दिसते, पण बटण दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद त्या पटीत सुधारत नाही. वहीत काढलेल्या आणि भरलेल्या फ्रेमचे रकाने वेगळे ठेवा.

६. किंमत लिहा, पण रुपयांत नको. ४०९० भारतात १,५५,००० रुपयांना आले, तेव्हा सोयाबीनचा हमीभाव ४,३०० होता : ३६ क्विंटल. ५०९० आले २,१४,००० ला, हमीभाव ४,८९२ : जवळपास ४४ क्विंटल. म्हणजे कार्ड रुपयांत अडतीस टक्क्यांनी महागले, सोयाबीनमध्ये एकवीस टक्क्यांनीच. यावर खूश होण्याआधी आठवा, की ५०९० आले त्या हंगामात बाजार समितीतला भाव हमीभावाच्या खालीच होता.

निरीक्षण : ४के पडद्यावरच्या चाचण्यांत ५०९० साधारण पाव ते एक तृतीयांशाने पुढे जाते. आता उठा आणि स्वतःच्या मॉनिटरच्या सेटिंगमध्ये जाऊन वाचा. तिथे १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झ असे लिहिलेले आढळेल. हा मॉनिटर सेकंदाला साठापेक्षा जास्त चित्रे दाखवत नाही, पाठवणारा कोणीही असो. सामना बरोबरीत सुटला. मित्राला हे लगेच सांगू नका.

विशेष निरीक्षण : कंपनीच्या माहितीतक्त्याच्या तळाशी व्हिडिओ डिकोडरची एक बारीक ओळ असते. तिच्यावरून कोणी भांडत नाही. आजचे बरेच कॅमेरे दहा बिट ४:२:२ पद्धतीने चित्रण करतात. ते उलगडण्याची सोय ४०९० च्या डिकोडरमध्ये नाही, ५०९० च्या आहे. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याला या एका ओळीचा जेवढा उपयोग, तेवढा वरच्या कुठल्याच आकड्याचा नाही. टाइमलाइन अडखळायची थांबते. आणि ही सोय याच मालिकेतल्या ५०६० मध्येही आहे. अमेरिकेत ५०९० ची किंमत १,९९९ डॉलर ठेवली, ५०६० ची २९९. तेव्हा वाशिमच्या पाटणी चौकात कॅमेऱ्याची बॅग घेऊन उभ्या असलेल्या माणसाला या प्रयोगात सामील करून घेऊ नका. तो दोन मिनिटांत प्रश्न सोडवून निघून जाईल.

दक्षता :

- सोळा पिनांचा कनेक्टर पूर्ण आत बसवावा. तो वितळल्याच्या तक्रारी दोन्ही कार्डांबाबत झाल्या आहेत.
- कॅबिनेट मोजावे. एनव्हिडियाचे स्वतःचे कार्डसुद्धा ३०४ मिलिमीटर लांब आहे.
- मे महिन्यात ५७५ वॅट म्हणजे खोलीत चालू ठेवलेला छोटा हीटर. कूलरची जागा आधी ठरवावी.
- घरी विषय काढताना ‘अभ्यासासाठी’ हा शब्द वापरू नये; तो लॅपटॉपच्या वेळी खर्च झालेला आहे. ‘कायले पाह्यजे?’ या प्रश्नाला बँडविड्थ हे उत्तर नाही.

अनुमान : तुलना कार्डांची होत नाही, कामांची होते. काम ठरले की तक्त्यातली एखाददुसरी ओळ पुरते. काम ठरलेले नसेल, तर सगळ्याच ओळी महत्त्वाच्या वाटतात, आणि तेव्हा डेटा संपेपर्यंत वाद चालू ठेवण्यास हरकत नाही.

स्वाध्याय :

१. योग्य पर्याय निवडा : ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ५०९० सेकंदाला किती फ्रेम दाखवील? (अ) २४० (आ) १२० (इ) मित्र म्हणेल तितक्या (ई) ६०

२. कारणे द्या : ज्याला कार्डाची गरज असते, त्याला दोन आकडे पुरतात.

३. उपक्रम : आधी मॉनिटर बदला. मग पान एकवर या.