मागच्या खोलीतलं बिंग

"वहिनी, जरा कुंपणापाशी या हो. कोपऱ्यावरच्या ताईंच्या मागच्या खोलीत काय चाललंय? खिडकीला ओलं गोणपाट, दाराला कडी. परवा तर अंगणात तीन दगडांवर हंडा चढवून पेंढा उकळत होत्या!"

"मी आत जाऊन बघून आलेय, काकू. धिंगरी लावलीय त्यांनी. अळिंबी हो! ती बटणासारखी नव्हे, शिंपल्यासारखी पसरट असते ती."

"मग पेंढा कशाला शिजवायचा? कोण खाणार तो?"

"ती अळिंबीच खाते की! भाताचा पेंढा, गव्हाचं काड, सोयाबीनचं भुसकट, काहीही चालतं तिला. बारीक तुकडे करून रात्रभर भिजवायचे, मग ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचे, म्हणजे दुसऱ्या बुरश्या मरतात. निथळल्यावर मुठीत दाबून बघायचं. तळहात ओला व्हावा, पण थेंब गळता कामा नये. ताईंनी पहिल्यांदा घाई केली, पाणी राहिलं, आणि दोन पिशव्या हिरव्यागार!"

"तरीच! उकिरड्यावर मी बघितल्या त्या. मला वाटलं, त्यांच्या सासूबाईंचं लोणचं नासलं."

"सासूबाईंचं वेगळंच. 'चातुर्मासात हे घरात नको' म्हणाल्या. आणि माहेरी कोकणात पावसाळ्यात वारुळावर उगवलेली अळंबी ताटभर खायच्या, ते चालतं! आता ताईंनी धिंगरीसाठी पातेलं वेगळं काढलंय."

"बी कुठलं आणलं?"

"पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून. गव्हाच्या दाण्यांवर बुरशी वाढवलेली असते, तेच बी. ओल्या पेंढ्याच्या किलोला २० ग्रॅम पुरतं. पिशवीत पेंढ्याचा थर, त्यावर बी, परत थर. तोंड बांधायचं, भोकं पाडायची आणि अंधारात ठेवून द्यायचं. पंधरा-वीस दिवसांत सगळं आतून पांढरं पडतं. मग प्लास्टिक काढून टाकायचं, रोज दोन-तीनदा पाणी फवारायचं. आणि हवा! पहिल्या तोडणीला नुसते लांबडे देठ आणि टोकाला टिचभर छत्र्या. का, तर खिडकी म्हणून उघडली नव्हती. कोंडलेल्या हवेत छत्री पसरतच नाही."

"आणि भाऊजी का खोकतायत? परत विड्या सुरू झाल्या म्हणे."

"विड्या नाहीत हो, उगाच बदनामी! छत्रीची कड वर वळेपर्यंत तोडायची राहिली, की तिच्यातून पिठासारखी बारीक पूड उडते. बंद खोलीत ते रोज फवारायला जायचे, बसली छातीत. आता वेळेवर तोडतात, आणि भाऊजी नाकाला रुमाल बांधून आत जातात."

"विकायचा विचार दिसतोय."

"तिथंच तर मेख आहे. तीन तोडण्या धरल्या, तर किलोभर वाळल्या पेंढ्यामागे किलोच्या आसपास निघते, पण ताजी फार टिकत नाही. वाळवली तर दहा किलोंची एक किलो. मध्यंतरी एक गृहस्थ येऊन गेला, 'पिशव्या माझ्याकडून घ्या, निघेल तेवढा माल मी उचलतो.' माझ्या नणंदेच्या गावात असाच एकजण पिशव्यांचे पैसे घेऊन गेला, तो परत फिरकला नाही. मी ताईंना स्पष्ट सांगितलं, गिऱ्हाईक आधी, पिशव्या मागाहून. घरापुरती आणि ओळखीच्या चार घरांपुरती काढा. त्यांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं."

"ओळखीची चार घरं म्हणजे आपणच की! भाजी कशी करायची म्हणे?"

"कांदा, लसूण, मिरी, बास. पाणी घालायचं नाही, तिलाच सुटतं. माझी पाव किलो सांगून ठेवलीय."

"आणि माझी?"

"काकू, तुम्ही गेल्या महिन्यात नळाच्या पाण्यावरून त्यांना जे बोललात ना, ते त्यांनी अजून मनात ठेवलंय."